दोन घाट आणि ग्राफिक्स कार्डांची जोडी

मुंबईहून नाशिककडे निघालेली जड गाडी कसाऱ्याच्या फलाटाला लागली, म्हणजे खिडक्यांशी वडापाववाल्यांची आणि चहावाल्यांची लगबग चालू असतानाच गाडीच्या शेपटाकडे एक घटना घडते, जिच्याकडे प्रवाशांचे सहसा लक्ष जात नाही: दोन, क्वचित तीन, इंजिने मागून हलकेच येऊन शेवटच्या डब्याला भिडतात, एक सौम्य हिसका साऱ्या गाडीतून पुढे सरकत जातो, आणि ठाणे जिल्ह्यातील व शहापूर तालुक्यातील या अखेरच्या स्थानकावरून ती गाडी पुढून ओढली जात व मागून रेटली जात सह्याद्रीचा चढ चढू लागते. या मागच्या इंजिनांना रेल्वेचे लोक बँकर म्हणतात. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा लोहमार्ग १८५५ साली वाशिंदपर्यंत आला, १८६१ च्या आरंभी कसाऱ्यास पोहोचला, आणि पुढचा इगतपुरीपर्यंतचा घाट चढून जाण्यास त्याला आणखी चार वर्षे, म्हणजे १८६५ चा जानेवारी उजाडेपर्यंत, लागली. जुन्या दफ्तरांत थळघाट म्हणून नोंदलेल्या या वाटेवर दर ३७ फुटांमागे एक फूट असा चढ आहे, आणि तो चढणे एकट्या इंजिनाच्या आवाक्यातले नव्हते. मार्गाचे विद्युतीकरण होऊन १९२८ च्या सुमारास स्वित्झर्लंडच्या धर्तीची लांबोडक्या तोंडांची विजेची इंजिने या घाटांसाठी आली, त्यांना लोकांनी खेकडा हे नाव दिले. तीही गेली, त्यांच्या जागी दुसरी आली. परंतु एका भारामागे अनेक इंजिने लावण्याचा शिरस्ता मात्र आजतागायत मोडला नाही.

या शिरस्त्यामागे जो हिशेब आहे तो नीट समजून घेण्यासारखा आहे. सारी इंजिने पुढेच जोडली, तर संपूर्ण गाडीचा ताण पहिल्या डब्याच्या कपलिंगवर पडतो आणि चढावर ते तुटण्याचे भय असते. म्हणून बळाची विभागणी करून काही इंजिने मागे ठेवावी लागतात. परंतु मागची इंजिने मागे ठेवली, की पुढच्या चालकाला मागचा चालक दिसत नाही, आणि दोघांचा मेळ चुकला तर मधले डबे एकदा ताणले जातात व एकदा चेपले जातात. म्हणूनच शिट्ट्यांचे संकेत ठरविण्यात आले: पुढच्याने विचारावे, मागच्याने उत्तर द्यावे, आणि मगच दोघांनी जोर लावावा. बळ वाढविण्याची किंमत ही अशी मेळाच्या रूपाने चुकती करावी लागते, आणि इंजिने जसजशी वाढतात तसतशी ती किंमतही वाढत जाते.

शहापूरच्या शेजारच्या मुरबाड तालुक्यात याहून फार प्राचीन असा दुसरा घाट आहे, आणि त्याची रीत याच्या अगदी उलट आहे. वैशाखऱ्यावरून जुन्नरकडे चढणाऱ्या नाणेघाटातून सातवाहनांच्या काळी सोपारा व कल्याण या बंदरांतला माल जुन्नर आणि प्रतिष्ठानकडे जात असे. घाटमाथ्यावर जकातीचा म्हणून दाखविला जाणारा दगडी रांजण आजही आहे, आणि तेथील लेण्यात राणी नागनिकेचा तो विख्यात शिलालेख आहे, ज्यात यज्ञप्रसंगी दिलेल्या गायी, घोडे व कार्षापण यांच्या संख्या अंकांत कोरलेल्या आहेत. आपल्या आजच्या अंकांचे जे पूर्वज भारतात उपलब्ध आहेत, त्यांपैकी अतिशय जुने असे हे अंक होत, आणि त्यांचे वाचन करण्याचे श्रेय पंडित भगवानलाल इंद्रजी यांजकडे जाते. हा घाट गाडीवाट नव्हे. येथे भार चढे तो पाठाळाच्या जनावरांवर. प्रत्येक बैलाच्या पाठीवर त्याची स्वतःची गोणी. एखादा दमून मागे राहिला तरी पुढच्याचे जू अडत नसे, कारण दोघांत जू नव्हतेच. शंभर बैलांच्या तांड्याने दहा बैलांच्या तांड्याच्या दसपट माल चढवावा, इतका तो हिशेब सरळ होता.

या दोन घाटांचे स्मरण होण्यास निमित्त झाले ते संगणकाच्या इतिहासातील एका प्रकरणाचे, ज्याचा आरंभ, उत्कर्ष आणि अस्त पुरत्या पंचवीस वर्षांत आटोपला: एकाच संगणकात दोन, तीन किंवा चार ग्राफिक्स कार्डे बसवून त्यांच्याकडून एक चित्र रेखाटून घेण्याची ही प्रथा. ज्यांनी हौसेने पैसा ओतून ती चालविली त्यांच्यापैकी पुष्कळांस ती का मावळली याचे कोडे पडले. आणि ज्या वर्षांत ती मावळली नेमक्या त्याच वर्षांत शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळांत आठ-आठ कार्डांची यंत्रे दिमाखाने उभी राहत होती, हे पाहून ते कोडे अधिकच गहन झाले. माझ्या मते त्याचे उत्तर या दोन घाटांत आहे.

पडद्यावर दिसणारे चित्र हे बारीक बिंदूंचे बनलेले असते. आजच्या साधारण पडद्यावर असे वीस लाखांहून अधिक बिंदू असतात, आणि गेममधील हालचाल सलग भासावी म्हणून ते सारे चित्र सेकंदाला साठ वेळा नव्याने काढावे लागते. म्हणजे बारा कोटींहून अधिक बिंदूंचे रंग दर सेकंदास ठरवावयाचे. संगणकाचा मुख्य प्रोसेसर हे काम एकट्याने करू गेला तर त्याची दमछाक होते, म्हणून त्यासाठी वेगळा कारागीर नेमला गेला, तो म्हणजे ग्राफिक्स कार्ड. एक कारागीर अपुरा पडू लागताच दुसरा आणावा, हा विचार स्वाभाविकच होता.

तो विचार सामान्य ग्राहकाच्या हाती प्रथम आला १९९८ साली. थ्रीडीएफएक्स या अमेरिकन कंपनीने त्या वर्षी वूडू २ नावाचे कार्ड काढले आणि अशी दोन कार्डे कॅबिनेटच्या आत एका चपट्या केबलने जोडण्याची सोय केली. कामाची वाटणी शेतातल्या तासांसारखी होती: चित्राच्या सम ओळी एकाने काढावयाच्या व विषम ओळी दुसऱ्याने, आणि मग दोन्हींची वीण घालून पडद्यावर पाठवावयाचे. एकट्या कार्डाला ८०० बाय ६०० बिंदूंच्या पलीकडे जाता येत नसे. जोडीला १०२४ बाय ७६८ पर्यंत मजल मारता येई. ही कार्डे केवळ त्रिमित चित्रेच काढीत, त्यामुळे नेहमीच्या कामासाठी तिसरे साधे कार्ड ठेवावे लागे, आणि अशा रीतीने एका कॅबिनेटमध्ये तीन कार्डांचा संसार मांडला जाई. तरीही त्या काळच्या शौकिनांस त्या जोडीचे जे अप्रूप वाटले ते लटके नव्हते. दोन ओळींतील काम जवळजवळ सारखे असल्यामुळे कोणी कोणासाठी फार वेळ खोळंबून राहत नसे, आणि ही वाटणी न्याय्य होती.

परंतु पुढच्या काही वर्षांत मदरबोर्डावर ग्राफिक्स कार्डासाठी एजीपी नावाचा खास मार्ग रूढ झाला, आणि तो प्रत्येक बोर्डावर एकच असे. तेव्हा दुसऱ्या कार्डाला बसावयास जागाच उरली नाही. एटीआय कंपनीने १९९९ च्या अखेरीस एकाच कार्डावर दोन चिपा बसवून त्यांनी आळीपाळीने एकेक अख्खे चित्र काढावे अशी तजवीज केली, थ्रीडीएफएक्सनेही पुढच्या वर्षी दोन चिपांचे कार्ड विकले. परंतु कंपनीचा कारभार ढासळत गेला, आणि २००० च्या डिसेंबरात तिची मालमत्ता तिच्या प्रतिस्पर्धी एनव्हिडियाने विकत घेण्याचा करार केला. पीसीआय एक्सप्रेस ही नवी व्यवस्था आली आणि एका बोर्डावर अनेक रुंद स्लॉट देणे पुन्हा शक्य झाले, तेव्हा २००४ साली एनव्हिडियाने वूडू २ च्या जोडणीची एसएलआय हीच जुनी अक्षरे नव्या अर्थाने पुढे आणली, आणि दुसऱ्या वर्षी एटीआयने क्रॉसफायर या नावाने आपली व्यवस्था जाहीर केली. तेथून पुढची सुमारे दहा वर्षे या प्रथेचा ऐन बहराचा काळ होय.

आमच्या शहापूरच्या घरी ही प्रथा आली ती बहर ओसरू लागल्यावर, २०१६ साली. माझ्या पुतण्याने साठवलेल्या पैशांतून वापरलेली दोन सारखी कार्डे घेण्याचे ठरविले, आणि आसनगावहून लोकल धरून, दादरला गाडी बदलून, ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडच्या दुकानांची दिवसभर पायपीट करून संध्याकाळी तो ती घेऊन आला. दुसऱ्या दिवशी कॅबिनेट जमिनीवर आडवे पाडून त्याने जे केले ते मी शेजारी बसून पाहिले, आणि त्या पाहण्यात मला पुष्कळ गोष्टी उमगल्या. दोन्ही कार्डे स्लॉटमध्ये खट्कन बसली. त्यांच्या माथ्यावर बोटभर लांबीची एक पट्टी, जिला तो ब्रिज म्हणे, दोन्ही कार्डांच्या सोनेरी दातांवर दाबून बसविली. प्रत्येक कार्ड १४५ वॅट वीज खाणारे, तेव्हा जुना एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, काढून मोठा घालावा लागला. एकट्या कार्डाला मदरबोर्ड ज्या सोळा मार्गिका देई त्या आता आठ-आठ अशा वाटल्या गेल्या. वरच्या कार्डाचा पंखा खालच्या कार्डाच्या तापलेल्या पाठीवरची हवा ओढू लागला, आणि वैशाखाच्या उन्हाळ्यात वरचे कार्ड खालच्यापेक्षा सदैव अधिक तापत राहिले, जणू एकाच जुवाखालच्या दोघा बैलांपैकी एकाच्या तोंडावर सारा धुरळा उडत असावा.

सर्वांत मोठी गोष्ट कळली ती स्मृतीची. प्रत्येक कार्डावर ४ जीबी स्मृती होती. माझी समजूत अशी, की दोघांची मिळून ८ झाली असेल. पुतण्या म्हणाला, ‘नाही काका, चारच.’ कारण दोन्ही कार्डांना एकाच दृश्याची चित्रे काढावयाची, म्हणून त्या दृश्यातील प्रत्येक भिंत, प्रत्येक झाड, प्रत्येक पोशाख दोन्ही कार्डांवर समग्र ठेवावा लागतो; कोठाराची प्रत होते, कोठार वाढत नाही. आणि मग त्याने गेम चालू केले. पहिल्यात सेकंदास निघणाऱ्या चित्रांची संख्या जवळजवळ पावणेदोनपट झाली, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद मी विसरणार नाही. दुसऱ्या गेममध्ये मात्र खालच्या कार्डाचा आकडा शून्यावरून हलला नाही, त्याचा पंखासुद्धा फिरेना. ते कार्ड वीज पीत आणि जागा अडवीत नुसते बसून राहिले.

असे का व्हावे, याचे कारण वाटणीच्या रीतीत होते. वूडू २ च्या ओळी-ओळींच्या वाटणीऐवजी नव्या व्यवस्थेत बहुतेक वेळी अख्खी चित्रे आळीपाळीने दिली जात: पहिले चित्र एकाकडे, दुसरे दुसऱ्याकडे, तिसरे पुन्हा पहिल्याकडे. कागदावर ही वाटणी निर्दोष दिसते, परंतु गेममधले चित्र सुटे नसते, ती एका धावत्या क्षणमालिकेतील कडी असते. दोन कार्डांनी सेकंदाला साठ चित्रे काढली, म्हणजे प्रत्येक चित्रास सरासरीने १७ मिलिसेकंदांच्या आत-बाहेर वेळ मिळाला. पण त्यांतले एक ५ मिलिसेकंदांनी आणि पुढचे २८ मिलिसेकंदांनी आले, तरी सरासरी तीच राहते आणि डोळ्याला मात्र गाडी हिसके देत चालल्याचे जाणवते. अनेक वर्षे मासिकांतील परीक्षणे केवळ ती सरासरी छापीत राहिली आणि वाचक आपल्याच डोळ्यांवर अविश्वास दाखवीत राहिले. २०११ साली द टेक रिपोर्ट या अमेरिकन संकेतस्थळावर स्कॉट वॉसन यांनी सेकंदाच्या पोटात शिरून एकेका चित्रास लागलेला वेळ मोजण्याची पद्धत रूढ केली, तेव्हा कोठे हा दोष आकड्यांत पकडला गेला, आणि २०१३ मध्ये एएमडीला, जिने २००६ साली एटीआय विकत घेतली होती, चित्रे समान अंतराने सोडण्याची सुधारणा आपल्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे कार्ड चालविणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, करावी लागली. कसाऱ्याच्या घाटात पुढच्या व मागच्या इंजिनांचा मेळ जसा शिट्टीने राखावा लागतो, तसा हा उपाय होता. परंतु शिट्टीसाठी थांबण्याचा वेळही प्रवासाच्या वेळातच धरावा लागतो.

याहूनही घातक ठरली ती चित्रकलेच्या तंत्रातील प्रगती. नवे गेम एका चित्राच्या कडा गुळगुळीत करण्यासाठी मागच्या चित्रातील माहिती वापरू लागले. चित्र आता आपल्या पूर्वजाचे ऋणी झाले, आणि तो पूर्वज दुसऱ्या कार्डाच्या घरी. तेव्हा प्रत्येक चित्रासाठी शेजाऱ्याच्या दारी जाऊन मागणी करावी लागे, आणि आळीपाळीच्या वाटणीचा पायाच खचला. २०१५ साली आलेल्या डायरेक्टएक्स १२ ने अनेक कार्डांचा मेळ घालण्याची जबाबदारी ड्रायव्हर लिहिणाऱ्यांकडून काढून गेम करणाऱ्यांवर सोपविली, आणि थोड्या ग्राहकांसाठी एवढे कष्ट घेण्यास फारच थोडे कारखाने तयार झाले. २०२० साली एनव्हिडियाने जाहीर केले, की १ जानेवारी २०२१ पासून ती एसएलआयसाठी नव्या गेमांच्या नोंदी ड्रायव्हरमध्ये करणार नाही. त्या वर्षीच्या घरगुती कार्डांपैकी एकट्या सर्वांत महागड्या कार्डावर जोडणीचे दात शिल्लक होते, आणि २०२२ च्या पिढीत तेही नाहीसे झाले.

जीन अ‍ॅम्डाल या संगणकशास्त्रज्ञाने १९६७ साली जो विचार मांडला तो येथे तंतोतंत लागू पडतो. कामाचा जो भाग वाटून देता येत नाही, तोच शेवटी सर्व वेगाची मर्यादा ठरवितो. समजा कामाचा चौथा हिस्सा असा अविभाज्य आहे. तर दोन कार्डांनी वेग दुप्पट न होता १.६ पट होईल, आणि हजार कार्डे लावली तरी चौपटीच्या पुढे जाणार नाही. देशावरच्या काळ्या जमिनीत एका अवजड नांगराला चार-चार जोड्या जुंपण्याचा रिवाज होता, आणि प्रत्येक शेतकरी जाणून असे, की चौथ्या जोडीने पहिल्या जोडीइतके काम कधीच होत नाही, कारण तिचे अर्धे बळ पुढच्यांशी पाऊल जुळविण्यात जाते. आमच्या शहापूर-मुरबाडच्या भातखाचरांत, जेथे चिखलणीला एक जोडी पुरते, तेथे वेगळी रीत होती: देशावर ज्याला इर्जिक म्हणतात व कोकणात सावड, त्या रीतीने शेजारीपाजारी आपापली औते घेऊन एकाच्या शेतात उतरत, प्रत्येक औत आपल्या खाचरात फिरे, आणि दिवस मावळेपर्यंत अख्खे शेत होऊन जाई. नांगराला जोड्या जुंपणे आणि शेतात औते उतरविणे या दोन गोष्टी बाहेरून सारख्या दिसतात. परंतु पहिलीत मेळाचा खर्च प्रत्येक पावलाला आहे, दुसरीत तो केवळ सकाळी वाटणी करताना एकदाच आहे.

ग्राफिक्स कार्डांना हे दुसऱ्या प्रकारचे काम मिळाले, आणि त्यांचे भाग्य फळफळले. २००६ च्या अखेरीस एनव्हिडियाने कूडा नावाची व्यवस्था जाहीर केली, जिच्यायोगे कार्डाकडून चित्राखेरीज कोणतेही गणित करून घेता येऊ लागले. टोरांटो विद्यापीठात अ‍ॅलेक्स क्रिझेव्हस्की, इल्या सुत्स्केव्हर आणि जेफ्री हिंटन यांनी २०१२ साली बारा लाख छायाचित्रांवरून यंत्राला वस्तू ओळखावयास शिकविले, ते गेम खेळणाऱ्यांच्याच दोन कार्डांवर. प्रत्येकी ३ जीबी स्मृती असलेल्या त्या कार्डांपैकी एकात त्यांचे जाळे मावत नव्हते, म्हणून त्यांनी ते दोन भागांत चिरले, आणि मोठ्या चातुर्याने अशी रचना केली, की जाळ्याच्या काही ठरावीक थरांवरच दोन कार्डांनी एकमेकांशी बोलावे, एरवी आपापले काम करावे. पाच-सहा दिवसांत ते शिक्षण पूर्ण झाले, आणि आज ज्याला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणून घरोघरी ओळखतात तिच्या नव्या युगाची ती नांदी ठरली. इथेरियम नावाच्या आभासी चलनासाठी २०१७ च्या सुमारास लोक सहा-सहा कार्डे उघड्या चौकटीवर टांगून ठेवीत. तेथे तर प्रत्येक कार्डाने आपली स्वतंत्र संख्या शोधावयाची असल्यामुळे सोळा मार्गिकांच्या जागी एक मार्गिका पुरे, आणि २०२२ च्या सप्टेंबरात त्या चलनाने ही पद्धत सोडण्यापूर्वी बाजारात वेळोवेळी कार्डांची टंचाई भासली.

महाराष्ट्राला हा विचार परका नव्हता. अमेरिकेने आपला श्रेष्ठ महासंगणक भारताला देण्यास नकार दिल्यानंतर १९८८ साली पुण्यात सी-डॅक या संस्थेची स्थापना झाली, आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली परम ८००० हा महासंगणक उभा राहिला. एक बलाढ्य प्रोसेसर घडविण्याच्या भरीस न पडता त्या मंडळींनी ट्रान्सप्यूटर नावाच्या अनेक लहान चिपा एकत्र कामास लावल्या, आणि या चिपेचे वैशिष्ट्य असे, की शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी तिच्या अंगावरच चार वाटा काढलेल्या होत्या. मेळ ही नंतर चिकटविण्याची वस्तू नसून बांधणीच्या पायात घालावयाची वस्तू आहे, हे त्या रचनेत पहिल्यापासून मान्य केलेले होते. पुढे २०२० मध्ये त्याच संस्थेचा परम सिद्धी हा महासंगणक जगाच्या यादीत ६३ व्या स्थानी आला, तो ज्या यंत्रांनी बनला आहे त्यांतील प्रत्येकात आठ-आठ ग्राफिक्स प्रोसेसर आहेत.

आणि नाणेघाट चढून गेल्यावर, किंवा त्याच्या शेजारच्या माळशेज घाटाने मुरबाडवरून ओतूरकडे गेल्यावर, ज्या जुन्नर तालुक्यात आपण पोहोचतो, तेथेच नारायणगावाजवळ खोडद येथे प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून साकारलेली महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, त्यांतील चौदा मध्यभागी जवळजवळ आणि सोळा तीन दिशांना दूरवर पसरलेल्या. प्रत्येक तबकडीचा संदेश उरलेल्या प्रत्येकीच्या संदेशाशी ताडून पाहावयाचा, म्हणजे ४३५ जोड्यांचे गणित, तेही संदेश येत असतानाच, क्षणाचाही खंड न पाडता. दुर्बिणीचे जे नूतनीकरण गेल्या दशकात झाले, त्यात हे गणित ग्राफिक्स प्रोसेसर बसविलेल्या संगणकांच्या मालिकेकडे सोपविण्यात आले. येथे अनेक कार्डे यशस्वी होतात याचे कारण असे, की कंप्रतेचा एक पट्टा दुसऱ्या पट्ट्यावर अवलंबून नाही. वाटणीपूर्वी सर्व तबकड्यांचे संदेश एकत्र आणण्याचा मोठा बंदोबस्त करावा लागतो खरा, परंतु एकदा गोण्या भरल्या, की प्रत्येकाने आपली गोणी घेऊन चालू लागावे. दोन हजार वर्षांपूर्वी त्याच डोंगरातून पाठाळाचे बैल ज्या न्यायाने माल चढवीत, त्या न्यायाने आज त्याच डोंगरापलीकडे आकाशातील मंद रेडिओलहरींचा हिशेब चालतो, आणि दोन्ही ठिकाणी हिशेबाचे अंक ज्या कुळातले आहेत त्या कुळाचा अतिशय जुना पुरावा वाटेवरच्या लेण्यात कोरलेला आहे, हा योग मला अतिशय मोलाचा वाटतो.

म्हणून ग्राफिक्स कार्डांच्या जोडीचा हा इतिहास अपयशाचा इतिहास आहे, असे मी म्हणणार नाही. कसाऱ्याचा बँकर आजही लागतो, कारण गाडी एकच आहे आणि ती तोडून घाट चढविता येत नाही. तेथे मेळाची किंमत मोजणे भागच आहे, आणि रेल्वेच्या माणसांनी ती पिढ्यान्‌पिढ्या इमानाने मोजली आहे. गेमचे धावते चित्र त्याच जातीचे होते. परंतु त्याला एकटे, अधिक बलवान इंजिन मिळत गेले, आणि मेळाचा खर्च व्यर्थ ठरला. ज्यांनी ती जोडी जुंपली त्यांनी वर्षानुवर्षे मिलिसेकंद मोजून, पट्ट्या जोडून, ड्रायव्हर घासूनपुसून जे शिकून ठेवले, ते पुढच्यांना उपयोगी पडले: काम कोठे चिरावे, आणि चिरलेल्या तुकड्यांनी एकमेकांशी किती वेळा बोलावे, हे ठरविणे म्हणजेच अर्धे काम होय.

आमच्या घरातील ती दोन कार्डे अजून त्याच कॅबिनेटमध्ये आहेत. गेमचा नाद सुटल्यावर पुतण्याने ब्लेंडर नावाचे सॉफ्टवेअर शिकून घेतले, आणि अलीकडे तो माहुली किल्ल्याच्या सुळक्यांवरून सकाळचे ऊन उतरत येते असे एक लहानसे चलच्चित्र तयार करीत आहे. त्यातले प्रत्येक चित्र आधीच ठरलेले असल्यामुळे कोणाला कोणाची वाट पाहावी लागत नाही. सम क्रमांकाची चित्रे एक कार्ड काढते, विषम क्रमांकाची दुसरे, आणि कोणते कधी तयार झाले याचे सोयरसुतक पाहणाऱ्याला नसते, कारण पाहणारा सारे झाल्यावरच पाहणार आहे. रात्री जेवणे आटोपली, की तो काम लावून देतो. पहाटे मी पाण्यासाठी उठतो तेव्हा दोन्ही पंख्यांचा आवाज ऐकू येतो, एकाचा किंचित चढा, दुसऱ्याचा किंचित मंद. आणि त्यांना एकत्र जुंपणारी ती बोटभर पट्टी काढून टेबलाच्या खणात, जुन्या किल्ल्यांच्या जुडग्याशेजारी, ठेवलेली आहे.